डिसेंबरात जिभीच्या लाकडी केबिनमध्ये राहायचंय? आधी रात्रीचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून सहा जण. नवरा-बायको, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. 24 ते 30 डिसेंबरची सुट्टी. हिमाचलात कुल्लू जिल्ह्यातल्या जिभीला ओढ्याकाठची तिकोनी छपराची लाकडी केबिन चार रात्रींसाठी पसंत पडली आहे. मुलांना बर्फ बघायचाय. केबिन घ्यावी का, आणि घेताना काय बघावं?

जा, जरूर जा. फक्त त्या ओढ्याकाठच्या केबिनचे आगाऊ पैसे अजून भरू नका.

मी कुटुंबांना आणि छोट्या गटांना डोंगरात घेऊन जातो, मुक्कामाची सोय लावून देतो. केबिन निवडताना जवळपास प्रत्येक जण दिवसाचा विचार करतो: खिडकीतून देवदार दिसतात का, गच्चीत बसून चहा पिता येईल का, फोटो कसा येईल. दिवस कुठेही छान जातो हो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि अरुंद खोऱ्यात तर त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो. सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. म्हणजे दिवसातले चौदा-पंधरा तास तुम्ही सहा जण त्या लाकडी भिंतींच्या आत असणार. ते तास नीट गेले तर सहल नीट गेली. म्हणून केबिनबद्दल विचारायचा प्रत्येक प्रश्न रात्रीचा असावा.

जागेपासून सुरुवात करू. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे, आणि जिभी हे गावच त्याहून उंच, साधारण 1,800 मीटरवर आहे. या उंचीवर डिसेंबरात रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास जातं, कधी खाली. पण एकाच गावात दोन केबिनमध्ये तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो, कारण थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून वाहत खाली ओढ्याच्या पात्रात साचते. ओढ्याकाठची केबिन फोटोत सगळ्यात सुंदर दिसते आणि पहाटे सगळ्यात गार पडते. वर रात्रभर पाण्याचा आवाज. पहिल्या रात्री तो गोड वाटतो. झोप सावध असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्या रात्री विचारा. पावसाळ्यात तर मी ओढ्याला लागून असलेली जागा कुणालाच घेऊ देत नाही. जुलै 2023 मध्ये बियास आणि तिच्या उपनद्यांनी कुल्लू-मंडीत जे केलं, त्यानंतर तरी कुणी हा हट्ट धरू नये. तुम्ही डिसेंबरात जाताय, तेव्हा पुराची भीती नाही, पण थंडीचा मुद्दा उरतोच.

म्हणून केबिनवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: डिसेंबरात तुमच्या दारात ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? तिथे राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर तोंडपाठ असतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरची, गावाच्या थोडी वरची केबिन असेल तर उत्तर सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन-चारच्या आसपास येतं. सावलीच्या बाजूची असेल तर माणूस जरा घुटमळतो, मग "सर, धूप तो सामने वाले पहाड़ पे आती है" म्हणतो. तिथेच समजून जायचं.

दुसरा प्रश्न गाडी थांबते तिथून दारापर्यंतच्या वाटेचा. जिभीतल्या बऱ्याच केबिन रस्त्याला लागून नाहीत. सफरचंदाच्या बागेतून, शेताच्या बांधावरून, दगडी पायऱ्यांनी चढून जावं लागतं. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "बस पाँच मिनट का रास्ता है." ती पाच मिनिटं पाठीवर गवताचा भारा घेऊन चढणाऱ्या माणसाची असतात. आईंच्या गुडघ्यांची नव्हेत. मी काय करतो, व्हिडिओ कॉल लावायला सांगतो. गाडीपाशी उभं राहायचं, कॅमेरा सुरू ठेवून केबिनपर्यंत चालायचं, आणि मी इकडून पायऱ्या मोजतो. कठडा आहे का, पायऱ्यांवर शेवाळ किंवा ओल आहे का, दिवा आहे का, तेही दिसतं. ओल असेल तर रात्रीतून तिथे बर्फाचा पातळ, काचेसारखा थर धरतो आणि सकाळी पहिला चहा आणायला निघालेला माणूस त्यावरून घसरतो. जो मालक हा कॉल करायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आई-बाबांना घेऊन जाऊ नका. तीसपेक्षा जास्त पायऱ्या असतील तरीही नको.

आता त्या तिकोनी छपराबद्दल. अशा केबिनमध्ये जागा वाचवायला वर माळा काढतात आणि शिडीने किंवा अगदी अरुंद जिन्याने वर जायचं असतं. ऊब वर चढते, त्यामुळे माळ्यावर रात्री दहा वाजता उकडतं आणि खाली पाय गारठतात. संडास-बाथरूम मात्र खाली. म्हणजे वर झोपणाऱ्याला रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत ती शिडी उतरावी लागते. चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे बाबा या दोघांनाही माळा वर्ज्य. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र तो स्वर्ग वाटेल, त्याला तुम्हा नवरा-बायकोपैकी एकाबरोबर वर झोपू द्या. माळ्याची खिडकी आतून उघडते का आणि तिच्यातून माणूस बाहेर पडू शकतो का, हेही बघा. घर लाकडाचं आहे आणि आग लागली तर शिडीच्या बाजूनेच धूर वर येतो. खरं सांगायचं तर सहा जणांच्या तुमच्या कुटुंबाला एक मोठी तिकोनी केबिन घेण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन साध्या, एका मजल्याच्या लाकडी खोल्या बऱ्या. किंवा गावातलं जुनं काठकुणी घर, म्हणजे देवदारच्या तुळया आणि दगडाचे थर आलटून पालटून रचलेलं. त्या जाड भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात. नव्या केबिनच्या भिंती पुष्कळदा एकेरी फळ्यांच्या असतात, मधे काहीच भरलेलं नसतं. भिंतीत काय भरलंय, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता ऊब कशाने मिळणार. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण जिवाशी गाठ इथेच आहे.

तिकडे खोली तापवायला तीन गोष्टी वापरतात. विजेचा हीटर, लोखंडी तंदूर आणि शेगडी. यातली तिसरी, म्हणजे कोळशाची किंवा निखाऱ्यांची उघडी शेगडी, बंद खोलीत कधीही, कुणीही कितीही आग्रह केला तरी घ्यायची नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर थंडीत अशा बातम्या येतात. गॅस गीझरचंही तेच: बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल तर नको. तो बाहेरच्या भिंतीवर हवा किंवा गीझर विजेचा हवा. आपल्याकडेही बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेलेली आहेत, त्यामुळे हे नवीन सांगतोय असं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म ऑनलाइन मिळतो. तो घ्या, घरी बटण दाबून तपासा आणि झोपायच्या खोलीत ठेवा. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर "थंडी बाधली" म्हणत बसू नका. सगळ्यांना उठवून बाहेर न्या, मग 108 ला फोन करा.

तंदूर म्हणजे तिकडची चिमणीवाली लोखंडी चूल, काश्मीर-लडाखकडे तिला बुखारी म्हणतात. धूर नळीवाटे छपराबाहेर जातो, म्हणून ती शेगडीपेक्षा फार सुरक्षित. पण वापरायची कशी हे पहिल्या संध्याकाळी मालकाकडून समोर करून घ्या. नळीवर साधारण कमरेच्या उंचीला एक छोटी दांडी असते, तिने आतली झडप उघडते-मिटते. पेटवताना दांडी पूर्ण उघडी. आधी देवदार किंवा कैल या पाइनच्या बारीक ढलप्या. त्यांत राळ असल्याने त्या भसकन पेटतात आणि ठिणग्याही उडवतात. जाळ धरला की बानचं लाकूड घालायचं. बान हे ओकच्या जातीचं झाड, लाकूड जड आणि सावकाश जळणारं. आता दांडी अर्धी मिटायची म्हणजे सगळी ऊब नळीतून पळून जात नाही. पूर्ण मिटायची नाही. आत निखारे असताना झडप पूर्ण मिटली तर तोच वायू उलटा खोलीत येतो. पुन्हा लाकूड घालायच्या आधी दांडी उघडायची, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग चुलीचं दार उघडायचं. तसं न करता दार उघडलं की धुराचा लोट तोंडावर. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवून द्या, हवा कोरडी पडत नाही आणि हात-तोंड धुवायला गरम पाणी मिळतं. मोजे वाळत घालायला नळीजवळ दोरी बांधू नका. लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर चूल येत असेल तर भोवती काहीतरी आडवं लावून मागा. आणि रात्रभर जाळ धुमसत ठेवण्यापेक्षा झोपायच्या आधी खोली नीट तापवून तो विझू द्यावा, गाद्या-रजयांवर भिस्त ठेवावी, असं माझं मत. तिकडच्या रजया जाड असतात. एका खिडकीची फट मात्र कायम उघडी.

लाकडाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात. टोपलीमागे की रात्रीमागे, हे आधीच ठरवा. जंगलातून स्वतः लाकूड गोळा करायला जाऊ नका. त्या जंगलावर वनखात्याचे नियम आहेत आणि गावकऱ्यांचा हक्कही.

विजेचा तेलभरला हीटर सगळ्यात निर्धोक, पण वीज असेल तर. संध्याकाळी सगळं गाव हीटर लावतं आणि दाब उतरतो. हीटर दोन हजार वॉटचा, गीझरही तेवढाच. दोन्ही एकदम लावले की खटका पडतो. बर्फ पडला की वीज तासन्‌तास जाते आणि केबिनवाल्याचा इन्व्हर्टर फक्त दिवे आणि फोनपुरता असतो. म्हणून तुमच्यासारख्या कुटुंबाने हीटर आणि चिमणीचा तंदूर दोन्ही असलेलीच जागा घ्यावी. नुसता हीटर असलेली मी नाकारतो. विजेची गादी मिळाली तर झोपण्याआधी अर्धा तास लावा आणि आत शिरताना बंद करा. मुलांच्या अंथरुणात ती नको, रबरी पिशवी पुरे.

पाण्याचं एवढंच की रात्री नळ गोठतात. झोपताना दोन बादल्या भरून ठेवा, नळाची धार बारीक चालू ठेवायची की नाही ते मालक सांगेल. सकाळी नऊच्या आत आंघोळीची घाई नको. बाबांनी तर अकरा-बाराला, ऊन आल्यावर करावी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात पहाटे गार बाथरूममध्ये उघड्या अंगाने उभं राहणं नको. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून गोळीच्या मात्रेबद्दल विचारून घ्या. मशीन बरोबर ठेवा, गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, जिभीला त्याची काळजी नाही. दवाखाना लागलाच तर जवळचं सरकारी रुग्णालय बंजारला, मोठं कुल्लूला.

प्रवासाची आखणी तुम्ही लिहिलेली बदला. सकाळचं विमान पकडून चंदीगड, तिथून टॅक्सीने थेट जिभी, हे नकाशावर जमतं. प्रत्यक्षात तुम्ही अंधारात, दमलेल्या मुलांसह त्या पायऱ्यांपाशी पोचता आणि पुढे थंड पडलेली केबिन तापायला दोन तास. पहिल्या रात्री मंडीला हॉटेलात राहा. दुसऱ्या दिवशी आरामात नाश्ता करून निघा. औटच्या बोगद्यापाशी मनालीचा रस्ता सुटतो, मग लारजी, बंजार, जिभी. बंजारला भाजी, दूध, औषधं घ्या, एटीएममधून रोकड काढा, कारण पुढे नेटवर्क आणि ऑनलाइन पैसे दोन्ही बेभरवशाचे. दुपारी दोनच्या आत पोचा. उजेडात केबिन बघता येते, काही पसंत नसेल तर बदलता येते, तंदूर शिकता येतो. वळणांवर मुलांना मळमळणार, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारून गोळी, आणि मोठ्यांना आलेपाक.

बर्फाबद्दल आशा माफक ठेवा. जिभी गावात डिसेंबरअखेर बर्फ असेलच असं नाही. तो वर, शोजा गाव आणि जलोडी खिंडीकडे असतो. खिंड 3,120 मीटरवर, जिभीहून जेमतेम बारा किलोमीटर, पण शेवटची चढण फार खडी आणि बर्फ पडला की रस्ता बंद होतो. कधी दोन दिवस, कधी पुढचे दोन महिने. तुमच्या चंदीगडच्या टॅक्सीने तिथे जायचंच नाही. गावातली चारही चाकं ओढणारी गाडी आणि गावातलाच चालक घ्या, आणि दहाच्या आत निघू नका. सावलीतल्या वळणांवर रात्रीचा बर्फ तोपर्यंत चिकटलेला असतो, डांबरावर दिसतही नाही. खिंड बंद असेल तर शोजापर्यंत जा. मुलांना तेवढा पुरतो, ती लोळायला लागली की किती बर्फ आहे हे कुणी मोजत नाही. खिंडीतून पुढे सरेउलसर तळ्याकडे पाचेक किलोमीटरची चाल आहे, बूढ़ी नागिणीचं देऊळ आहे, आणि तळ्यात पडलेलं पान एक पक्षी चोचीने उचलून नेतो अशी गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. पण डिसेंबरात आणि या चमूबरोबर ते सोडून द्या. कुणीतरी सुचवेल की जिभीहून एका दिवसात मनालीपुढच्या अटल बोगद्यापलीकडे सिस्सू गावाला जाऊन या. ख्रिसमसच्या आठवड्यात मनालीच्या रांगेत दिवस घालवायचा असेल तर जा.

जेवण मालकाच्या घरचंच ठरवा. राजमा-भात, कढी, आणि एखाद्या दिवशी सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेचा, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेला गोळा, वर तुपाची धार. आईंना तो आवडेल, उकडीच्या कुळातलाच आहे. स्वतः रांधायचा उत्साह असेल तर लक्षात ठेवा, त्या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकर हवाच, आणि गारठ्यात सिलिंडरची ज्योतही मंद. मेतकूट, भडंग, लाडू घेऊन जा. संध्याकाळचे तास लांब असतात आणि पोरांना दर तासाला भूक लागते. उरलेलं गॅलरीत ठेवू नका, कुत्री आणि माकडं नेतात.

कपड्यांवर पाल्हाळ नको. एका जाडजूड जॅकेटपेक्षा पातळ थर तीन, आत सुती बनियन नको, कानटोप्या सगळ्यांना. लोकरी मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा, दिवसभराच्या ओलसर मोज्यांनी रात्री पाय तापत नाहीत. पत्ते, कॅरमच्या सोंगट्या नाही तर सापशिडी, काहीतरी घ्याच.

पैसे भरण्याआधी पर्यटन खात्याकडची नोंदणी आहे का विचारा आणि एक गोष्ट लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल: बर्फाने किंवा दरडीने रस्ता बंद झाला आणि आम्ही पोचू शकलो नाही तर किती पैसे परत. नाताळच्या आठवड्यात भाडं दुप्पट-तिप्पट होतं आणि या मुद्द्यावर मालक ताठर असतात. तारखा हलवता येत असतील तर माझा सल्ला जानेवारीचा दुसरा आठवडा, गर्दी ओसरलेली आणि बर्फाची शक्यता जास्त. आई-बाबांचाच विचार केला तर सगळ्यात चांगला काळ परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल. आणि सुट्टी तीनच दिवसांवर आली, तर हिमाचलचा हट्ट सोडून भंडारदऱ्याला जा. तलावाकाठी शेंडी-रतनवाडीकडे मुक्काम, अमृतेश्वराचं देऊळ, रात्री बऱ्यापैकी थंडी, सकाळी पिठलं-भाकरी. बर्फ तेवढा नाही.

परतीला 29 ची रात्र चंदीगडला काढा. रस्ता अडला तर हाती अर्धा दिवस राहतो आणि 30 चं विमान चुकत नाही. म्हणजे जिभीला तुमच्या चार रात्री बसतात, 25 ते 28. दोन जागा ठरल्या की त्यांच्या उन्हाच्या वेळा आणि पायऱ्यांचा आकडा कळवा, मग कोणती घ्यायची ते सांगतो.